ओआरएसच्या पुडीतलं रसायनशास्त्र: नर्सिंगच्या पहिल्या वर्षासाठी

जीएनएमची (नर्सिंगच्या पदविकेची) नवी बॅच आली की पहिल्या महिन्यात एक ठरलेला प्रसंग घडतो. शरीररचना आणि शरीरक्रियेचं जाडजूड पुस्तक उघडलेलं असतं. पहिलं प्रकरण मजेत जातं. दुसरं प्रकरण रसायनशास्त्राचं. अणू, इलेक्ट्रॉन, संयुजा हे शब्द फळ्यावर आले की कला शाखेतून आलेल्या मुलामुलींचे चेहरे उतरतात. "मॅडम, आम्ही सायन्स दहावीलाच सोडलं." सायन्सवाल्यांचंही फार बरं असतं असं नाही. त्यांना आवर्तसारणीतली वीस मूलद्रव्यं धडाधड म्हणता येतात, पण सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्केच का लिहिलंय असं विचारलं की तेही वहीत डोकं खुपसतात.

म्हणून मी ते प्रकरण मिटायला लावते आणि चार वस्तू गोळा करायला सांगते. ओआरएसची एक पुडी, एनएसची (नॉर्मल सलाईनची) रिकामी बाटली, लॅबमधले वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांचे कोरे बल्ब (रक्ताचा नमुना घ्यायच्या नळ्या), आणि सोडिअम-पोटॅशिअमचे आकडे असलेला एखादा जुना रिपोर्ट. वही-पेन्सिल हवी, कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहेच. पुढच्या पायऱ्या क्रमानेच करा. तिसरी कंटाळवाणी वाटेल, पण ती गाळलीत तर चौथी कळणार नाही.

पायरी १: पुडीची मागची बाजू वाचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या पुडीवर चार घटक दिसतील: सोडिअम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम (काही पुड्यांवर याला डेक्स्ट्रोज म्हटलेलं असतं, वस्तू तीच), पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे सगळं १ लिटर पाण्यात. चौथ्या घटकाला आत्ता हात लावू नका, त्याची पाळी सगळ्यात शेवटी आहे.

या चार नावांत मूलद्रव्यं मोजलीत तर सहा भरतात: सोडिअम, पोटॅशिअम, क्लोरीन, कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. यात नायट्रोजन, कॅल्शिअम, फॉस्फरस, गंधक आणि मॅग्नेशिअम मिळवा. किंचित लागणारी लोह, आयोडीन, जस्त ही तीन घ्या. झाली चौदा. पहिल्या वर्षाला एवढी पुरतात. आपल्या वजनातला सुमारे ६५ टक्के भाग ऑक्सिजनचा, १८ टक्के कार्बनचा, १० टक्के हायड्रोजनचा आणि ३ टक्के नायट्रोजनचा. उरलेले सगळे मिळून चारेक टक्क्यांत बसतात, आणि वॉर्डात आपली धावपळ मात्र बहुतेक वेळा त्या चार टक्केवाल्यांसाठी होते.

खुणांबद्दल एक सूचना. रिपोर्टवर सोडिअमची खूण एनए आणि पोटॅशिअमची के अशी असते. ती नेट्रिअम आणि कॅलिअम या लॅटिन नावांवरून आली आहे. इंग्रजी स्पेलिंगशी जुळवायला गेलात तर हमखास गोंधळ होईल. थायरॉइडच्या टी-थ्री आणि टी-फोरमधले तीन आणि चार हे आकडे मात्र सरळ आहेत. त्या रेणूवर आयोडीनचे तेवढे अणू असतात. मिठात आयोडीन कशाला घालतात, याचं उत्तर त्या नावातच आहे.

अणूबद्दल इतकंच लक्षात ठेवा: मध्ये धनप्रभार असलेले प्रोटॉन, बाहेर तेवढेच ऋणप्रभार असलेले इलेक्ट्रॉन. सोडिअमकडे ११ आणि ११. त्यातला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो. मग प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०, म्हणजे अंगावर एक धनप्रभार शिल्लक. असा प्रभार घेऊन फिरणारा अणू म्हणजे आयन. क्लोरीन तो इलेक्ट्रॉन घेतो आणि ऋण होतो, त्याला मग क्लोराइड म्हणायचं. डॉक्टर "सोडिअम कमी झालंय" म्हणतात तेव्हा ते नेहमी आयनाबद्दलच बोलत असतात.

पायरी २: एका वाटीत मीठ, दुसरीत तूप

हा प्रयोग खरंच करा, हसू नका. दोन वाट्यांत कोमट पाणी घ्या. एकीत चिमूटभर मीठ टाका, दुसरीत तुपाचा थेंब. मीठ नाहीसं होतं, तूप तवंग धरून बसतं.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार असतो. त्यामुळे सोडिअमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू आत करून गोळा होतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनची बाजू आत करून. मिठाचा खडा असा आयन-आयन सुटा होत विरघळतो. तुपाच्या रेणूंवर धरण्यासारखा प्रभारच नाही, म्हणून पाणी त्यांना जवळ करत नाही. प्रभारवाल्याचं पाण्याशी जमतं, बिनप्रभाराच्याचं जमत नाही. हे वाक्य वहीत लिहून त्याभोवती चौकट करा, पुढे तीनदा उपयोगी पडणार आहे.

बंधांचे तीन प्रकार परीक्षेला येतात. इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन तयार होतो तो आयनिक बंध, मिठातला. इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होतो तो सहसंयुज बंध. ग्लुकोज, चरबी, प्रथिनं यांचा सांगाडा या बंधाचा, आणि पाण्यात टाकल्याने तो तुटत नाही. म्हणून ग्लुकोज विरघळलं तरी अख्खा रेणू शाबूत राहतो, मिठासारखे त्याचे दोन तुकडे होत नाहीत. तिसरा हायड्रोजन बंध. एकटा कमकुवत, पण संख्येने प्रचंड. डीएनएच्या दोन पट्ट्यांना तोच धरून ठेवतो.

पायरी ३: वजन सोडा, मोजायला लागा

बाजारात कांदे किलोवर मिळतात आणि केळी डझनावर. शरीराचा हिशोब केळ्यांसारखा आहे. पेशीच्या दारातून किती ग्रॅम गेले याला अर्थ नसतो, किती कण गेले याला असतो. रसायनवाल्यांच्या डझनाचं नाव मोल. त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके कण असतात. हा आकडा पाठ करायची गरज नाही. गरज आहे ती एका सोयीची: कुठल्याही पदार्थाचं रेणुवस्तुमान ग्रॅममध्ये तोलून घेतलं की बरोबर एक मोल हातात येतो.

आता एनएसची बाटली घ्या. ०.९ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम, लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. सोडिअमचं अणुवस्तुमान २३, क्लोरीनचं ३५.५, बेरीज ५८.५. म्हणून ९ भागिले ५८.५ म्हणजे ०.१५४ मोल, अर्थात १५४ मिलिमोल. मीठ पाण्यात सुटं होतं, तेव्हा लिटरमध्ये १५४ सोडिअम आणि १५४ क्लोराइड, एकूण ३०८ मिलिमोल कण. बाटलीचं लेबल पुन्हा वाचा, हेच आकडे तिथे छापलेले सापडतील. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने जुळला की रसायनशास्त्राची अर्धी भीती तिथेच जाते, असं मी वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे.

लगेच दुसरा हिशोब. रिपोर्टवर रक्तातली साखर ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर, तेव्हा लिटरला ९०० मिलिग्रॅम. ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८०. उत्तर ५ मिलिमोल. परदेशात नोकरीला गेलेल्या आपल्या नर्स पहिल्या दिवशी ग्लुकोमीटरवर ५ वाचून दचकतात, तो आकडा हाच. भागायचं कितीने? १८ ने.

आणि मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे वॉर्डातलं एमईक्यू, हे काय? कणांऐवजी त्यांच्यावरचे प्रभार मोजले की एमईक्यू मिळतं. सोडिअमवर एकच प्रभार, त्यामुळे १४० मिलिमोल म्हणजे १४० एमईक्यू. कॅल्शिअमवर दोन, म्हणून १ मिलिमोल म्हणजे २ एमईक्यू.

आता पुडीवर उलटतपासणी. मीठ २.६ भागिले ५८.५, सुमारे ४५ मिलिमोल. पोटॅशिअम क्लोराइडचं रेणुवस्तुमान ७४.५, १.५ ग्रॅमचे २०. ग्लुकोज १३.५ भागिले १८०, ७५. सायट्रेटचे १०, पण त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर तीन सोडिअम येतात, म्हणजे आणखी ३० सोडिअम. सोडिअम एकूण ७५, क्लोराइड ६५, पोटॅशिअम २०, ग्लुकोज ७५, सायट्रेट १०. बेरीज २४५. पुडीवर दिसणारा २४५ हा आकडा असा येतो. ग्लुकोज आणि सोडिअम दोन्ही नेमके ७५-७५ आहेत, हे नजरेत धरून ठेवा.

पायरी ४: आत कोण, बाहेर कोण

सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत, १४ लिटर बाहेर. त्या १४ पैकी जेमतेम ३ लिटर रक्तद्रवात (प्लाझ्मात). सलाईन जातं ते आधी या तीन लिटरमध्ये.

आत आणि बाहेर यांच्या मध्ये पेशीपटल. ते चरबीच्या रेणूंच्या दुहेरी थराचं असतं, प्रभारवालं डोकं पाण्याकडे आणि तुपकट शेपूट आतल्या बाजूला. चौकटीतलं वाक्य पहिल्यांदा इथे वापरा. सोडिअम, पोटॅशिअम हे प्रभारवाले, त्यामुळे त्यांना हा तुपकट थर ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची खास दारं असतात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मात्र दाराची वाट न बघता थेट आरपार जातात.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून ठेवलं की पाणी सुटतं आणि मनुका भिजत घातल्या की फुगतात. दोन्ही ठिकाणी चालू असतं ते परासरण. जिकडे विरघळलेले कण जास्त तिकडे पाणी जातं. रक्तद्रवात लिटरमागे सुमारे २८५ ते २९५ मिलिमोल कण असतात. तुमचं ३०८चं सलाईन याच्या जवळपास आहे, म्हणून तांबड्या पेशी त्यात सुखरूप राहतात. शिरेतून नुसतं निर्जंतुक पाणी दिलं तर त्या मनुकेसारख्या फुगून फुटतील. ३ टक्क्यांचं सलाईन दिलं तर काकडीसारखं पाणी सोडतील, आणि मेंदूला सूज आलेल्या रुग्णाला ते देतात त्यामागे मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढून काढण्याचाच हेतू असतो.

आता रिपोर्ट. बाहेरच्या पाण्यात सोडिअम १३५ ते १४५, पोटॅशिअम फक्त ३.५ ते ५. पेशीच्या आत बरोबर उलटं: पोटॅशिअम १४०च्या आसपास, सोडिअम दहा-पंधरा. हा उलटेपणा आपोआप टिकत नाही. पटलावरचा एक पंप एटीपीचा (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा) एक रेणू खर्चून ३ सोडिअम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशिअम आत घेतो, अखंड, तुम्ही झोपलात तरी. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी तो १९५७ मध्ये शोधला, तोही खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना. नोबेल मिळालं १९९७ मध्ये. नसेतून संदेश जाणं, स्नायू आखडणं, हृदयाचा ठोका, हे सगळं या आत-बाहेरच्या फरकावर चालतं. पंपाने साठवायचं, संदेशाच्या वेळी दारं उघडून थोडं वाहू द्यायचं.

आतड्याच्या पेशीवर एक दार असं आहे की जे सोडिअम आणि ग्लुकोज बरोबर आले तरच दोघांना आत घेतं. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे मांडली. पटकीत (कॉलऱ्यात) आतड्यातून पाणी धो-धो बाहेर पडत असतं, तरी हे दार बिघडत नाही. सोडिअम आत गेलं की कण आत वाढले, आणि कणांमागे पाणी. नुसतं पाणी पाजून जे होत नाही ते साखर-मिठाच्या पाण्याने होतं ते यामुळे. पुडीतले ७५-७५ आता आठवा.

हे प्रयोगशाळेतून माणसांपर्यंत पोचलं ते १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या आणि नातेवाइकांच्या हातून ते पाणी पाजायला लावलं. आधी ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या पुडीत खायचा सोडा होता, आपल्या पुडीत सायट्रेट आहे. हा फरक मनात असू द्या.

घरी पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. "जरा गोड करू या, पोरगं पीत नाही" म्हणून साखर वाढवली की कण वाढतात, आणि आतड्यातून पाणी आत येण्याऐवजी उलट बाहेर ओढलं जातं. दुकानातल्या गोड पेयांची अडचणही हीच.

पायरी ५: पोटॅशिअमशी खेळ नको

मी नवीन असताना एका रुग्णालयात रात्रपाळीला होते. एका आजोबांचा पोटॅशिअम ७.१ आला. धावाधाव झाली, ईसीजीचं मशीन आलं. ईसीजी अगदी नॉर्मल, आणि आजोबा विचारतायत की चहा कधी येणार. सिस्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रक्त कसं काढलंस?" बारीक सुई, जोरात ओढलेला पिस्टन, वर सुईसकट बल्बमध्ये दाबून सोडलेलं रक्त. तांबड्या पेशी फुटल्या होत्या. पेशीच्या आत १४० आणि बाहेर ४, हे आकडे माहीत असते तर मलाच कळलं असतं की थोड्या पेशी फुटल्या तरी बाहेरचा आकडा किती उडी मारेल. पुन्हा नीट घेतलेल्या नमुन्यात ४.२ आला. रुग्णाला मुठी आवळायला-सोडायला लावूनही आकडा फुगतो.

तरी खऱ्या वाढलेल्या पोटॅशिअमला घाबरायलाच हवं. केसीएलची (पोटॅशिअम क्लोराइडची) १० मिलिलिटरची १५ टक्क्यांची ॲम्प्यूल घ्या. त्यात १.५ ग्रॅम, भागिले ७४.५, म्हणजे २० एमईक्यू. पुडीच्या अख्ख्या लिटरमध्ये आहे तेवढंच. रक्तद्रवातल्या तीन लिटरमध्ये चारच्या हिशोबाने एकूण पोटॅशिअम किती? १२. त्यात २० एका दमात सोडले तर हृदय बंद पडतं. केसीएल कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही, सलाईनमध्ये नीट मिसळून, हळू, सांगितलेल्या वेगानेच. हा नियम सगळेच पाठ करतात. हिशोब केलेला असला तर रात्री तीन वाजता डोळ्यांवर झोप असतानाही तो विसरला जात नाही.

पायरी ६: सामू, म्हणजे पीएच

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी ही मोजपट्टी आणली. आम्ल म्हणजे हायड्रोजन आयन सोडणारं, आम्लारी म्हणजे ते टिपून घेणारं. मोजपट्टी उलटी आहे: आयन वाढले की आकडा घटतो, आणि एक घर उतरलं की आयन दहापट होतात. जठरातला सामू २ च्या जवळपास, रक्तातला ७.३५ ते ७.४५.

"७.४ वरून ७.१, एवढ्याशा फरकाने काय होतंय?" हा प्रश्न दरवर्षी येतो. ७.४ ला हायड्रोजन आयन लिटरमागे ४० नॅनोमोल असतात, ७.१ ला ८०. म्हणजे दुप्पट. सोडिअमच्या तुलनेत हे आयन लाखो पटींनी कमी आहेत, तरी प्रथिनांना चिकटून ते त्यांचा आकार बदलतात आणि आकार बदलला की विकरांचं (एन्झाइमांचं) काम बिघडतं.

सांभाळणारी जोडी म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल, त्यातून सुटतात एक हायड्रोजन आयन आणि एक बायकार्बोनेट. ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. फुप्फुसं मिनिटांत कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त करतात, मूत्रपिंडं बायकार्बोनेटचा हिशोब तासा-दिवसांत करतात. मधुमेहात कीटोआम्लं साचली की रुग्ण खोल, लांब श्वास घेऊ लागतो. वरून दमा वाटतो, पण तो आम्ल बाहेर टाकत असतो.

उलटं उदाहरण तुम्ही परीक्षेच्या हॉलबाहेर पाहिलं असेल. एखादी मुलगी घाबरून भराभर श्वास घेते, ओठांना मुंग्या येतात, बोटं आखडतात. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला, हायड्रोजन आयन घटले. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाने धरून ठेवलेले हायड्रोजन आयन सोडून दिले आणि मोकळ्या झालेल्या जागी कॅल्शिअम चिकटलं. रक्तातलं मोकळं कॅल्शिअम घटलं, नसा चेकाळल्या. एकूण कॅल्शिअम मोजाल तर नॉर्मलच येईल.

पायरी ७: मोठे रेणू, स्वयंपाकघरातून

हे पुस्तकात चांगलं दिलेलं असतं, मी भराभर सांगते. भाकरीचा घास दोन मिनिटं चावत राहा, गोडसर लागतो. पिष्टाची साखळी लाळेतल्या विकराने तोडायला घेतलेली असते. तुपकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो, कारण साबणाचं एक टोक तुपाला धरतं आणि दुसरं पाण्याला. लहान आतड्यात हेच काम पित्त करतं. चौकटीतलं वाक्य, दुसऱ्यांदा. अंडं उकडलं की पांढरं होतं आणि पुन्हा पातळ होत नाही: प्रथिनाची घडी मोडली, साखळी मात्र तुटलेली नाही.

प्रथिनांच्या घडीपाशी मात्र थांबायला हवं, कारण आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारला काम करायला गेलात तर सिकलसेलचे रुग्ण भेटतीलच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. त्यातलं सहावं, ग्लुटॅमिक आम्ल, प्रभारवालं. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलिन येतं, बिनप्रभाराचं, तुपकट. एवढाच बदल. ऑक्सिजन सोडल्यावर हे तुपकट ठिपके पाण्यापासून अंग चोरत एकमेकांना चिकटतात, रेणूंच्या लांब दोऱ्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. चौकटीतलं वाक्य, तिसऱ्यांदा. रुग्णाला भरपूर पाणी पी, थंडीत जपून राहा असं सांगताना तुम्ही या दोऱ्यांबद्दलच बोलत असता. पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि दोऱ्या लवकर होतात.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू, प्रत्येकावर ऑक्सिजनचा एक रेणू. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागेवर दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बसतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर म्हणून जीव घेतो.

पायरी ८: बल्बांच्या टोपणांवरून उजळणी

जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं. ते कॅल्शिअम पकडून ठेवतं, आणि कॅल्शिअमशिवाय रक्त गोठत नाही. निळ्यात सायट्रेट, कामही तेच, पण पकड सैल. लॅबमध्ये वरून कॅल्शिअम घालून गोठण्याचा वेळ मोजता येतो. करड्यात फ्लोराइड. बल्बमध्ये गेल्यावरही पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात, त्यांचं एक विकर फ्लोराइड बंद पाडतं. साखरेचं रक्त साध्या बल्बमध्ये तासन् तास ठेवलं तर आकडा खोटा कमी येतो.

आता एक कोडं. पोटॅशिअम ९ आणि कॅल्शिअम ४, रुग्ण मात्र ठणठणीत. काय झालं असेल? बल्बातलं ईडीटीए हे पोटॅशिअमचा क्षार असतं. जांभळ्या बल्बातलं रक्त कुणीतरी साध्या बल्बमध्ये ओतलं.

पायरी ९: एक रिपोर्ट स्वतः वाचा, आणि राहिलेला सायट्रेट

तीन दिवस जुलाब झालेला रुग्ण. सोडिअम १३४, पोटॅशिअम ३.०, क्लोराइड ११०, बायकार्बोनेट १४. लगेच पुढे वाचू नका, आधी पाच मिनिटं वहीत मांडा.

पोटॅशिअम कमी आहे, कारण जुलाबातून ते वाहून गेलं. बायकार्बोनेट २२ ते २६ हवं, १४ आहे. आतड्यातले स्राव आम्लारीधर्मी असतात, त्यांतून बायकार्बोनेट गेलं. टिपणारं कमी झालं की हायड्रोजन आयन वाढतात, सामू उतरतो. रुग्णाचा श्वास खोल झालाय का ते बघा. आणि क्लोराइड ९८ ते १०६ असायला हवं, ते का वाढलं? रक्तात धन आणि ऋण प्रभारांची बेरीज सारखीच राहावी लागते. ऋण बायकार्बोनेटची जागा रिकामी झाली, ती ऋण क्लोराइडने भरली.

आता पुडी उलटी करा. सोडिअम ७५ आणि पोटॅशिअम २०, धन प्रभार ९५. क्लोराइड ६५, आणि सायट्रेट १०, प्रत्येकावर तीन ऋण प्रभार म्हणून ३०. तेही ९५. मुख्यतः यकृतात सायट्रेट जळतं आणि त्याच्या एकेका आयनातून तीन बायकार्बोनेट मिळतात. लिटरभर पाण्यामागे ३०. महालनबीसांच्या पुडीतला सोडा हेच काम थेट करायचा, पण दमट हवेत सोडा आणि ग्लुकोज एकत्र राहिले की पुडी तपकिरी पडायची. म्हणून १९८०च्या दशकात त्याच्या जागी सायट्रेट आला, जो आपल्या पावसाळ्यातही कपाटात टिकतो.